पाहुणे जाईपर्यंत

"इथं नको बसू," बेबीआत्या म्हणाली. "अगदी फाटकासमोर आहे हे बाक. रविवारी आपला अर्धा दांडिया बाजार इथूनच आत येतो."

मी नुकतीच टेकले होते. पहाटेपासून स्वयंपाकघरात उभी असल्यामुळे बाक दिसल्याबरोबर पाय आपोआप तिकडे वळले होते. पण आत्या माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली, आणि ती छत्री काही उन्हासाठी नव्हती, हे मला चांगलं कळत होतं. मी उठले.

मार्चमधला रविवार होता. दिवस मावळेपर्यंतचा वेळ आम्हा दोघींना बडोद्याच्या कमाटीबागेत काढायचा होता, कारण घरी माझ्या धाकट्या बहिणीला, वृंदाला, पाहायला अलिबागचे खोपकर यायचे होते. मुलगा आणि त्याची आई, दोघंच. सकाळच्या गाडीनं येणार आणि रात्रीची गाडी गाठायला दिवेलागणीला निघणार. तोवर मी घरात दिसायला नको होते.

का, तेही सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी मी सुरतेहून नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. त्याचं दुसरीकडे जमलेलं होतं. सगळ्या सुरतेला ते ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं, आणि मला कळलं तेव्हा मी भांडलेबिंडले नाही, बॅग भरली आणि गाडीत बसले. पुढं रीतसर घटस्फोट झाला. तेव्हापासून वृंदाला सांगून आलेलं प्रत्येक स्थळ एकाच प्रश्नापाशी अडायचं. थोरली कुठं दिलीय? पहिल्या वेळी आईनं खरं ते सांगितलं आणि पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. पुढच्या वेळी निम्मंच सांगितलं, तरी निरोप तोच आला. वृंदाचं वय वाढत चाललं होतं. ती मला कधी काही म्हणाली नाही, आणि मला लागायचं ते हेच, कारण लहानपणापासून ती मला मनात येईल ते सगळं म्हणायची.

मला बाहेर पाठवायचं ठरलं, पण तसं कुणी तोंडावर सांगितलं नाही. आदल्या दिवशी मोड आलेले वाल सोलता सोलता आई म्हणाली, "बेबीवन्संना उद्या कमाटीबागेत जायचंय म्हणे. तू जाशील का त्यांच्या सोबतीला?" बेबीआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नाव बेबी असलं तरी साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू, आणि झाडंपानं बघायची हौस तिला जन्मात कधी नव्हती. मी आईला "जाईन" म्हटलं आणि पुढचा वाल सोलला.

पहाटे उठून मी बिरडं केलं, कोलंबीचं खडखडलं केलं, गोडाला निनावं थापलं. आमच्या कायस्थांकडे पाहुणे आधी जेवणावरून घर पारखतात, त्यामुळे त्यात कसूर करून चालणार नव्हतं. सगळं झाकून ठेवलं, हात पुसले आणि निघाले. वृंदा आतल्या खोलीत आरशासमोर होती, दार लोटलेलं होतं. अण्णा ओटीवर पेपर वाचत बसले होते. मी चपला घालायला लागले तेव्हा त्यांनी पेपर थोडा आणखी वर धरला. कुठं निघालीस, एवढंही त्यांनी विचारलं नाही.

तर आम्ही बाग बघायला लागलो. मोठ्या बागेत दिवस काढणं ही ऐकायला चैन वाटते. जिला घरी जायची मुभा आहे तिच्यासाठी ती आहेही. आम्ही फुलांचं घड्याळ बघितलं. आत्या त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "याच्यासमोर थांबलं की वेळ जास्तच हळू जातो, चल पुढं." मग पिंजऱ्यांच्या बाजूला गेलो. अस्वल सावलीत पडलेलं होतं. त्यानं एक डोळा उघडून आम्हाला पाहिलं आणि मिटून घेतला. मला त्याचा राग आला, कारण त्याला कुणी ऊठ म्हणत नव्हतं.

बसायला मिळतं म्हणून आम्ही मुलांच्या झुकझुक गाडीची तिकिटं काढली. तिच्या डब्यात मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला टेकतात. आत्यानं एक पाय बाहेरच ठेवला आणि गाडी सुटेपर्यंत शिट्टीवाल्याशी गुजरातीत हुज्जत घातली. एक फेरी झाली तरी आम्ही उतरलो नाही, पुन्हा तिकीट काढलं. दुसऱ्या फेरीला समोरच्या बाकावरची मुलगी तिच्या आईला म्हणाली, "मम्मी, या बायका पण रुसल्यात का?" तिची आई हसली. आत्याही हसली. मला हसू आलं नाही.

दुपार चढल्यावर संग्रहालयात शिरलो. आत गारवा होता. देवमाशाचा सांगाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला बघून आत्या म्हणाली, "एवढा मोठा झाला आणि शेवटी लोकांना हाडं दाखवत पडला." मी कुठं टेकता येईल ते बघत होते, तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. आमच्या आळीतले एक मास्तर नातवंडांना घेऊन दारातून आत येत होते. आम्ही देवमाशाच्या शेपटीमागं जाऊन उभ्या राहिलो. बरगड्यांच्या फटींतून मास्तर दिसत होते, म्हणजे आम्हीही त्यांना दिसत असणारच, पण आत्यानं छत्री उघडली. संग्रहालयात उघडी छत्री धरून उभ्या राहिलेल्या दोन बायका कुणाच्या लक्षात राहणार नाहीत, असा तिचा समज होता. मास्तर लांबूनच आमच्याकडे बघून मान हलवून पुढं गेले. ममी ठेवलेल्या खोलीत आत्या काचेपाशी वाकली आणि म्हणाली, "हिला तरी स्वस्थ निजू द्यायचं होतं." इतकी दमलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

बाहेर पडलो आणि मागच्या फाटकाजवळच्या गाडीवर शेवउसळ घेतली. उभ्यानंच खाल्ली. तर्री तिखटजाळ होती, पण भुकेला चव कळत नाही. खाता खाता मी विचारलं, "आत्या, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"काय?"

"मला बाहेर न्यायचं. आईच्या का?"

"पाव घे अजून," आत्या म्हणाली.

"आईच्याच असणार. वृंदाला पटलं कसं पण? तिला ठाऊक तरी आहे का मी कुठं आहे ते?"

आत्यानं ताटली खाली ठेवली. पाण्यानं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. तिला खोटं बोलता येत नाही असं नाही, चांगलं येतं, पण त्या दिवशी तिचंही सगळं बळ गेलं होतं.

"तुझी आई नको म्हणत होती," ती म्हणाली. "थोरली नणंदेकडे गेलीय म्हणून सांगू, आतल्या खोलीत बसेल, असं तिचं चाललं होतं. वृंदाच म्हणाली, घरात नको. ताई घरात असली की मला कळतं, आणि मला कळलं की माझ्या तोंडावर दिसतं. तिला बाहेर पाठवा म्हणाली."

मी हातातला पाव ताटलीत ठेवला. वृंदा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तिची वेणी मी घातली, तिचे पाढे मी घेतले, सुरतेला जाताना स्टेशनवर तिनं माझ्या हातातली बॅग सोडली नव्हती, अण्णांना ती सोडवून घ्यावी लागली होती. मला आईचा राग चालला असता. दिवसभर तोच धरून मी चालत होते, आणि आता तो धरायलाही जागा उरली नाही. मला फार वाईट वाटलं. इतकं की रडूही आलं नाही.

"वाईट नको वाटून घेऊ," आत्या म्हणाली. "तिचं जमू दे एकदा."

"जमू दे," मी म्हटलं. आणि ते मी मनापासून म्हटलं होतं. ती माझ्यामुळे घरात बसून राहिली असती, तर मला त्या घरात जेवण गेलं नसतं.

त्यानंतरची बाग मला फारशी आठवत नाही. गुलाबाचे ताटवे होते, ऊन होतं. पुलावर लोक विश्वामित्री नदीत मगर दिसते का म्हणून वाकून बघत होते. मगर काही दिसली नाही. शेवटी नदीच्या बाजूला वडाखाली एक बाक सापडलं, वाटेपासून थोडं आत. आत्यानं तिथंच गवतावर पेपर पसरला, उशाला पिशवी घेतली, तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "कुणी आलं तर उठव." लगेच घोरायलाही लागली. मी बाकावर बसले आणि चपलांतून पाय काढले. पावलं सुजली होती.

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा एक बाई वाटेवरून आत वळल्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, अंगावर चांगली कडक सुती साडी. चपला पायांत नव्हत्या, हातात होत्या. बाकापाशी आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसू का जरा? पायांचे तुकडे पडले हो."

मी सरकले. त्या बसल्या आणि हुश्श केलं.

"माझी माणसं पुढं गेलीत," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही जा फिरून या, मी इथं बसते. बरोबरचे गृहस्थ थांबायलाच तयार नाहीत. प्रत्येक झाडाचं नाव, ते कधी लावलं, त्याला कुठून आणलं. मी चार वेळा अरे वा म्हटलं, पाचव्या वेळी तोंडातून शब्द निघेना."

असं करणारा बडोद्यात मला एकच माणूस माहीत होता, आणि त्याला मी अण्णा म्हणत होते. परगावचा पाहुणा घरी आला आणि अण्णांनी त्याला कमाटीबाग न दाखवता जाऊ दिलं, असं माझ्या आठवणीत एकदाही घडलं नव्हतं. आजारी पाहुण्यालासुद्धा त्यांनी टांग्यात घालून आणलं होतं. हे आईला आठवायला हवं होतं, आत्याला हवं होतं, मला तर हवंच होतं. कुणालाच सुचलं नाही. आणि ज्यांना आम्हाला कुठं पाठवलंय हे विचारता आलं असतं, त्यांनी सकाळी पेपर वर धरला होता.

"मुलाला मुलगी बघायला आलोय," बाई म्हणाल्या. "दांडिया बाजारातले टिपणीस. तुम्ही इथल्याच ना? ओळखता का?"

टिपणीस म्हणजे आम्हीच. नाही म्हणून उठून जाता आलं असतं. पण आत्याला उठवायला हवं होतं, चपलांत पाय घालायला हवे होते, आणि तेवढंही माझ्याच्यानं होणार नव्हतं.

"ओळखते," मी म्हटलं. "नावानं."

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे."

"चांगली सगळेच म्हणतात. स्वभावानं कशी?"

"तापट आहे थोडी," मी म्हटलं. खोट्या स्तुतीवर या बाई जायच्या नाहीत, असं मला वाटलं. "पटकन बोलून टाकते, पण मनात ठेवत नाही. माणसाला धरून असते. मागं त्यांच्या घरात एक जण आजारी होतं. नुसतं पडून असायचं, कुणाशी बोलायचं नाही. तेव्हा महिनाभर ती त्या खोलीत खाली सतरंजी टाकून झोपली. काही विचारलं नाही तिनं, नुसती झोपायला यायची."

ते आजारी माणूस मीच होते. सुरतेहून आल्यानंतरचा तो महिना. हे सांगता सांगता मला आठवलं, की ते सगळं खरं होतं, आणि दुपारचंही खरं होतं. दोन्ही एकाच मुलीचं होतं.

"नावानं ओळखता म्हणालात," बाई म्हणाल्या.

मी पायानं चपला बाकाखाली सरकवल्या.

"आणि थोरली?"

"थोरली सासरी असते ना," मी चाचपडत म्हटलं. आईनं नेमकं काय सांगितलंय ते मला ठाऊक नव्हतं.

"मस्कतला. जावई तिकडच्या बँकेत आहेत म्हणे. मोठी जागा आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. यायचं होतं तिला आज, पण त्यांना तिच्याशिवाय दोन दिवस करमत नाही, असं तिची आई सांगत होती."

सुरतेला माझ्या खिडकीतून शेजारच्या मोरीचा पाइप दिसायचा. करमण्याबद्दल तर बोलायलाच नको. त्या मस्कतच्या बाईचा मला चक्क हेवा वाटला. आई हे सांगत असताना तिचा चेहरा कसा दिसत असेल, तेही मला दिसलं. आपल्या मुलीसाठी जे जे तिला हवं होतं ते तिनं त्या पाहुण्या बाईसमोर एकदा बोलून घेतलं होतं. तिच्यावरही मला रागावता येईना.

"हो," मी म्हटलं. "सुखात आहे म्हणतात."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "दुपारी काही खाल्लंत का?"

"शेवउसळ खाल्ली."

"घरी एवढं चांगलं बिरडं करून ठेवल्यावर?"

वडावर कुठंतरी वानरं उड्या मारत होती. खाली आत्या घोरत होती. मी बाईंकडे बघू शकले नाही.

"दिवाणखान्यात फोटो आहे तुझा," त्या म्हणाल्या. "लग्नातला. आजच लावलाय तो. खिळा ठोकताना पडलेला चुना खाली कपाटावर तसाच होता. वर्षानुवर्षं टांगलेल्या फोटोखाली ताजा चुना कशाला पडेल? तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे. आणि आत्ता वाटेवरून तुला बघितलं. केस तेवढे कमी झालेत."

"वृंदाचा यात काही दोष नाही," मी म्हटलं. "मी परत आलेय. नवऱ्याचं दुसरीकडे होतं, म्हणून आले. माझ्यामुळे तिची आधीची स्थळं गेली. हे जाऊ नये म्हणून घरच्यांनी केलं, दुसरं काही नाही त्यात. तुम्ही माझ्याकडे बघून तिला नाही म्हणू नका."

"तू परत आलीस त्याचं मला काही नाही. नाही पटलं, आलीस. त्यात चोरण्यासारखं काय आहे?" त्या जरा थांबल्या. "मला एवढंच सांग, तुला बाहेर जायला कुणी सांगितलं? त्या मुलीनं?"

"नाही," मी म्हटलं. "मीच निघाले."

"खरं?"

"खरं."

"मी विधवा बाई आहे," खोपकरबाई म्हणाल्या. "एकच मुलगा. सून आली की ते घर तिचं. उद्या मी अंथरुणाला खिळले, नको त्या वेळी नको ते बोलायला लागले, तर पाहुणे आल्यावर मला कुठल्या बागेत नेऊन बसवणार, हे मला आधी कळायला नको? गोरी-काळी, शिकलेली, हे सगळं हेमंतनं बघावं. मला एवढंच बघायचंय." मग त्या वाटेकडे बघत म्हणाल्या, "आलेच बघ ते."

पलीकडून अण्णा येत होते. हातातली काठी वर करून वडाच्या पारंब्या दाखवत होते. त्यांच्यामागं एक उंच, सावळा मुलगा, आणि थोडी मागं पडलेली वृंदा. जांभळी रेशमी साडी, अंबाडा, गळ्यात आईची मोहनमाळ. ती लंगडत होती. नवे सँडल चावत होते तिला.

आत्याला नेमकी तेव्हाच जाग आली. तिनं तोंडावरचा पदर काढला, भावाला बघितलं आणि ताडकन उठून बसली. "शैला, ऊठ," ती कुजबुजली. "ऊठ लवकर, त्या गुलाबांच्या मागं जाऊ." एवढं म्हटल्यावर तिला माझ्या शेजारी बसलेल्या बाई दिसल्या आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मला उठवत नाही, आत्या," मी म्हटलं.

त्यात हट्ट नव्हता आणि धीटपणाही नव्हता. सकाळपासून ती ऊठ म्हणेल तेव्हा मी उठले होते. आता पाय नाहीच म्हणत होते. जे व्हायचं ते मी बसलेली असताना होऊ दे, एवढंच मला वाटत होतं.

खोपकरबाई मात्र उठल्या. चपला पायांत घातल्या आणि दोन पावलं पुढं गेल्या. "या टिपणीस," त्या म्हणाल्या. "तुमची बाग झाली का बघून? मला इथं या बाई भेटल्या. तुमच्या गावातल्याच आहेत. छान गप्पा झाल्या आमच्या."

अण्णांची काठी वरच राहिली. पारंब्यांबद्दलचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गवतावर बसलेल्या आपल्या बहिणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दिवसभर मी कुठं होते ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांचा चेहरा मला आजही तसाच्या तसा दिसतो. मागं वृंदा होती, तिचं लग्न होतं, आणि पुढं मी होते. त्यांनी काठी काखेत घेतली आणि मला दोन्ही हात जोडले.

"नमस्कार," अण्णा म्हणाले.

सुरतेहून निघाले त्या रात्रीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. पण वृंदाकडे बघून मी हात जोडले आणि म्हटलं, "नमस्कार."

हेमंत खोपकर कधी आईकडे, कधी आमच्याकडे बघत होता, त्याला काही कळत नव्हतं. खोपकरबाई ना अण्णांकडे बघत होत्या, ना माझ्याकडे. त्या वृंदाकडे बघत होत्या. आणि वृंदा माझ्या पायांकडे बघत होती. चपला काढलेल्या, सुजलेल्या, धुळीनं भरलेल्या पावलांकडे.

मी तिच्याकडे बघून मान हलवली. अगदी किंचित. म्हणजे, जा पुढं, काही हरकत नाही.

ती पुढं आली. लंगडत बाकापाशी आली आणि म्हणाली, "ताई, सरक थोडी."

मी सरकले. ती बसली. वाकून तिनं सँडल काढले. टाच सोलून निघाली होती. मग ती माझ्या खांद्याला टेकली, सगळा भार टाकून, लहानपणी टेकायची तशी. तिच्या अंगाला अत्तराचा आणि घामाचा वास येत होता.

"ही शैला," ती खोपकरबाईंना म्हणाली. "माझी थोरली बहीण. मस्कतला नसते, आमच्याकडेच असते. सकाळचं जेवण हिनंच केलेलं, मला बिरडं येत नाही." तिनं श्वास घेतला. "आणि हिला आज घरात ठेवू नका, असं मीच सांगितलं होतं. आईनं नाही. मी."

"वृंदा," मी म्हटलं. "गप्प बस ना."

"मला नाही होत आता," वृंदा म्हणाली. "सकाळपासून हसतेय मी."

खोपकरबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी खोटं बोलले होते ते त्यांना आता कळलं होतं, पण त्या त्याबद्दल काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही. त्या मुलाकडे वळल्या. "तुझं काय रे? तुझं सकाळीच ठरलंय ना?"

"हो," हेमंत म्हणाला. तो लाजला.

"मग झालं. टिपणीस, मुलगी पसंत आहे आम्हाला. ह्याला सकाळीच होती. मला आत्ता झाली."

आत्या गवतावर बसल्या बसल्या रडायला लागली. वृंदानं मान वर केली नाही, ती तशीच माझ्या खांद्यावर राहिली. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं. मला वाटत होतं तेच तिला वाटत होतं, की आता कुणी आम्हाला थोडा वेळ काही विचारू नये.

अण्णा होते तिथंच उभे होते. ज्या माणसाला बागेतल्या प्रत्येक झाडाबद्दल काही ना काही सांगायचं असायचं, त्याला एक शब्द सुचत नव्हता. काखेतली काठी खाली पडली होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मला जोडलेले हात अजून तसेच जोडलेले होते. ते खाली घ्यायचे असतात हे ते विसरले होते.

मी वृंदाचं डोकं अलगद बाकाच्या पाठीला टेकवलं आणि उठले. चपला घालायचं भान राहिलं नाही, तशीच गवतावरून त्यांच्यापाशी गेले, आणि त्यांचे दोन्ही हात धरून खाली घेतले.